टीम काढायचीय, स्पॉन्सरही मिळतोय

प्रश्न: आम्ही नाशिकचे आठ जण रोज सकाळी सायकलिंग करतो, आता रेससाठी टीम काढायचीय. एक दुकानदार जर्सीचे पैसे देतोय, माझ्या खात्यात घेऊ का?

उत्तर: नको, अजिबात नको! ते तुमचं उत्पन्न दिसेल आणि उद्या हिशोबावरून मित्रांतच वाजेल. सात जण असले की १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सोसायटी, म्हणजे संस्था, रजिस्टर होते, तुम्ही तर आठ आहात, मग धर्मादाय कार्यालयात अर्ज करा, पॅन काढा, टीमच्या नावाने खातं उघडा आणि स्पॉन्सरशी एक पानाचा का होईना करार कराच, लोगो कुठे, केवढा, किती महिने, सगळं त्यात. आणि तंबाखू-गुटखावाला कितीही देऊ दे, २००३ च्या कायद्याने ती स्पॉन्सरशिप चालतच नाही. जर्सी छापायच्या आधी रेसवाल्यांचे लोगोचे नियम बघून घ्या.