संध्याकाळी साडेसहाचं रडणं

«ताई, आमचं बाळ ५ आठवड्यांचं आहे. दिवसभर गुणी असतं, पण संध्याकाळचे साडेसहा वाजले की सुरू होतं. पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, तोंड लालबुंद. दूध पाजलं, दुपटं बदललं, ढेकर काढली, तरी नऊ-साडेनऊपर्यंत थांबत नाही. आई फोनवर सांगते, वारा धरलाय, गुटी उगाळून दे. गुटीचं पार्सलही पाठवलंय. सासूबाई म्हणतात, तू तुरीची डाळ खातेस म्हणून. इथली सुईण, म्हणजे हेबामे, म्हणते सगळं ठीक आहे. डॉक्टरांच्या तपासणीत वजनही छान भरलं. परवा ओव्याची धुरी द्यायला गेले तर छतावरचा अलार्म वाजला, बाळ दचकलं, आणि मी जमिनीवर बसून रडले. माझं दूध बाधतंय का त्याला?
— म्युनिकहून एक आई»

नाही गं. तुझं दूध त्याला बाधत नाहीये. बाकी सगळं नंतर वाचलंस तरी चालेल, एवढं आधी मनात धर.

पत्रात तू अगदी सहज एक वाक्य लिहिलंयस, की वजन छान भरलं. माझ्या दृष्टीने ते सगळ्यात मोलाचं. दूध पिणारं, वजन भरणारं, दिवसा शांत असणारं आणि ठरलेल्या वेळी दोन-तीन तास आकांत करणारं बाळ बहुतेक वेळा आजारी नसतं. इंग्रजीत याला कॉलिक म्हणतात, आपल्याकडे पोटशूळ किंवा वारा धरणं. १९५४ साली मॉरिस वेसेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने त्याचं माप घालून दिलं: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवडे. आता डॉक्टर ते माप इतकं काटेकोर धरत नाहीत. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या आसपास सगळ्यात वाढतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. २०१७ साली वॉरिक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी बऱ्याच देशांतली माहिती एकत्र केली. त्यात साधी, निरोगी बाळंही सहाव्या आठवड्यात दिवसाला सरासरी सव्वादोन तास रडत होती आणि बाराव्या आठवड्यात ते सव्वा तासाच्या आत आलं होतं. तुझं बाळ पाचव्यात आहे. म्हणजे अजून थोडा चढ बाकी आहे, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं.

पण मग पोट तट्ट का होतं? रडताना बाळ हवा गिळतं. म्हणजे पुष्कळदा वाऱ्यामुळे रडणं नसतं, रडण्यामुळे वारा असतो. तो सरला की क्षणभर बरं वाटतं, म्हणून आपल्याला वाटतं की मूळ तेच. खरं मूळ आजही कुणाला नेमकं सांगता येत नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाकडे एक उपाय असतो.

डाळीचं सांगते. डाळ, कोबी, वांगं खाऊन तुझ्या पोटात जो वायू होतो तो तुझ्या आतड्यात होतो. तो दुधात उतरत नाही. बाळंतिणीने वरण-भात पोटभर खावा. एक अपवाद आहे: काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, आणि ते आईच्या आहारातून अंगावरच्या दुधात येतं. पण तिथे बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे किंवा शेंब, अंगावर इसब, सारख्या उलट्या, वजन न भरणं अशा खुणा दिसतात. त्या दिसल्या तर डॉक्टरांना विचारून २ ते ४ आठवडे दूध-दही बंद करून बघतात आणि नंतर पुन्हा सुरू करून खात्री करतात. नुसत्या संशयावरून आपलं आपण खाणं तोडत जाऊ नकोस.

आता गुटी. तुझ्या आईचं मन मला कळतं. नातवंडाला हात लावता येत नाही, मग निदान वेखंड-मुरडशेंग-जायफळ तरी पोचावं. पण तोंडावाटे काही देऊ नको. वेढे किती घेतले यावर मात्रा ठरते, आणि जायफळासारख्या वस्तूची मात्रा इतक्या लहान जिवाला सहज जास्त होते. सहाण आणि पाणी निर्जंतुक राहत नाही. बाहेरून आलेल्या कांड्यांत काय मिसळलंय हे कुणी तपासलेलं नसतं. त्यात मध चाटवणं तर पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत अजिबात नाही. मधातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जर्मन शेजारीण बडीशेपेचा चहा सुचवेल, तोही नको. युरोपच्या औषध संस्थेने ४ वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नये असंच म्हटलंय. ग्राईप वॉटरचा उपयोग सिद्ध झालेला नाही. फेसाचे बुडबुडे फोडणारे थेंब तिथल्या औषधांच्या दुकानात सर्रास मिळतात, पण चाचण्यांत तेही नुसत्या गोड पाण्याहून सरस ठरले नाहीत. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या थेंबांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं रडणं कमी झालेलं दिसलंय. हवं तर डॉक्टरांना त्याबद्दल विचार.

आईला मात्र नुसतं नाही म्हणू नकोस. तिच्याकडचं जे हातातून द्यायचं आहे ते सगळं घे. माझ्या मुलाच्या वेळी माझी आई फोनवर सांगायची आणि मी करायचे: खोबरेल तळव्यांवर चोळून ऊब आणायची, मग बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, बाळाच्या उजव्या कुशीकडून वर, आडवं, डाव्या कुशीकडून खाली. दाब इतकाच की पोट हाताला कळावं. आधी ते ढोलकीसारखं लागायचं. मग गुडघे हळूच पोटाशी न्यायचे, सोडायचे, पुन्हा न्यायचे. एखादा छोटा आवाज यायचा आणि बोटांखाली पोट मऊ पडायचं. फोनच्या पलीकडून आई म्हणायची, "सुटला गं!" तेवढ्या क्षणी ती माझ्या शेजारी बसलेली असायची. दोन पाजण्यांच्या मधे कर, भरल्या पोटावर नको. बेंबीला हिंगाचा लेप बाहेरून पातळ लावलास आणि कातडी लाल झाली नाही तर मी भांडणार नाही, पण तो पोटात जाता कामा नये. धुरी मात्र सोडून दे, अलार्मसाठी नव्हे, त्या इवल्या फुप्फुसांसाठी. तिथे चेरीच्या बियांच्या उशीचा शेक देतात; द्यायचा तर आपल्या मनगटाला कोमट लागेल इतकाच, आणि बाळाजवळ ठेवून झोपायचं नाही.

साडेसहाची वाट बघत बसू नका. सहालाच दिवे मंद करा, टीव्ही बंद, पाहुणे परत. बाळाला छातीशी बांधायची झोळी असेल तर नवऱ्याने बांधावी; नाक-तोंड मोकळं आणि हनुवटी छातीला टेकलेली नाही, एवढं बघावं. माझा मुलगा स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्याच्या आवाजाला शांत व्हायचा, कितीतरी संध्याकाळी आम्ही ओट्यापाशीच उभे असायचो. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं न थांबता चालायचं, झोप लागली की लगेच खाली न ठेवता ५ ते ८ मिनिटं घेऊन बसायचं, आणि मग ठेवायचं. अभ्यास लहान होता, पण करून बघायला काही लागत नाही. झोपवताना पाठीवरच, मोकळ्या पाळण्यात.

आणि कधीकधी यातलं काहीच चालणार नाही. तुम्ही सगळं बरोबर करत असाल आणि तरी ते रडेल. डोकं फिरतंय असं वाटलं, हात शिवशिवले, तर बाळाला पाठीवर सुरक्षित पाळण्यात ठेव, दार लोटून घे आणि दुसऱ्या खोलीत जा. तोंडावर पाणी मार. ५-१० मिनिटांनी बघायला ये. तेवढ्या रडण्याने बाळाचं काही बिघडत नाही. गदागदा हलवण्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे नवऱ्यालाही सांग आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला सांग. असं वाटणारे आईबाप वाईट नसतात, थकलेले असतात.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, जांघेत गाठ, दूध सोडणं, लंगोट कोरडे राहणं, प्रत्येक पाजण्यानंतर कारंज्यासारखी उलटी, किंवा रडण्याचा आवाजच बदलणं, चिरका किंवा क्षीण होणं: यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना. दवाखाने बंद असतील तर जर्मनीत ११६११७ ला फोन, जीव घाबरा झाला तर ११२ ला. आणि रडणं एकाएकी सुरू झालं तर मोजे काढून बोटं बघ. आईचा एखादा गळलेला केस बोटाला करकचून गुंडाळलेला असतो, हे मी स्वतः पाहिलंय.

तुझी हेबामे बाळंतपणानंतर १२ आठवड्यांपर्यंत विम्यातून घरी येऊ शकते. तिला दुपारी नको, संध्याकाळी साडेसहाला बोलव, म्हणजे तिला दिसेल. म्युनिकमध्ये तर १९९१ पासून रडणाऱ्या बाळांसाठी खास ओपीडी आहे, श्रायआम्बुलांत्स म्हणतात तिला. तिथे बाळाला तपासतातच, पण आईबापाशीही बोलतात. जमिनीवर बसून रडलीस ते तिथे सांग. बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, दोन आठवडे असंच चाललं असेल, तर ते मुद्दाम सांग. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजू नकोस, त्याच दिवशी सांग. वडिलांनाही हे होतं, त्यालाही विचार.

आईला व्हिडिओ कॉल साडेसातला कर, उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतील, ती जागीच असेल. फोन पाळण्याशी टेकवून ठेव आणि तिला गाऊ दे. आज संध्याकाळी बाळ नवऱ्याच्या छातीशी बांध, आणि वरण-भात वाढून घेऊन खाली बस. गरम आहे तोवर जेव.