आईला आरए (रुमेटॉइड आर्थरायटिस, एक प्रकारचा संधिवात) निघालाय, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय. ते कॅन्सरचं औषध आहे ना? सुरू करावं का?

हो, कॅन्सरमध्येही वापरतात. पण तिथले डोस कितीतरी मोठे असतात, संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. मी ९ वर्षं घेतेय, दर शनिवारी रात्री जेवणानंतर.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५२, दोन्ही हातांची बोटं सुजलेली, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह, आणि मामा म्हणतात आधी आंबट बंद करा. आमच्याकडे मामांच्या जागी सासूबाई होत्या. दही, चिंच, टोमॅटो, सगळं सोडलं. वर्ष गेलं. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, ती आजही तशीच आहेत. मध्येच कुणीतरी बिननावाच्या पुड्या आणून दिल्या. चौथ्या दिवशी मी धडाधड जिने उतरत होते! तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन महिन्यांत चेहरा गरगरीत झाला, साखर वाढली. डॉक्टरांनी बघताच विचारलं, "स्टेरॉइड कुणी दिलं?"

हा गुडघे झिजण्याचा संधिवात नव्हे. ते दुखणं चालल्यावर वाढतं, बसलं की उतरतं. याचं उलटं. सकाळ सगळ्यात वाईट. मला कुकरचं झाकण बसवता यायचं नाही, कणीक मळायला दहा वाजायची वाट बघायची. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते सुजतं आणि मग कूर्चा, हाड कुरतडत जातं. का उलटते, याचं एक असं कारण नाही. थोडा भाग जनुकांचा, सिगारेटनं धोका नक्की वाढतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. भांडी घासून किंवा गार पाण्यात हात घालून होत नाही, हे मामांना जरूर सांगा.

आता गोळीचं. ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. अशा चुका खरंच होतात, कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. आमच्या ह्यांनी पाकिटावर मार्करनं मोठ्ठं "शनिवार" लिहून ठेवलंय. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी. दारू नको. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात: पेशी, लिव्हर, क्रिएटिनिन (म्हणजे किडनीचं काम). कंटाळा येतो, पण टाळू नका.

गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात, मोजून आणि पुढे कमी करत, पुड्यांसारखं नाही. महिन्याभरात "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे खूप भेटलेत मला. एवढ्यानं भागलं नाही तर सल्फासालाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळ्या जोडतात (दुसरीला अधूनमधून डोळे तपासायचे), आणि त्यापुढे बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी. ती महाग, आणि आधी टीबीची तपासणी लागते. माझं अजून गोळ्यांवरच निभावतंय.

मेथोट्रेक्सेट घेतल्यावर दुसऱ्या दिवशी थोडं मळमळू शकतं. म्हणून मी शनिवार निवडलाय, रविवारी लोळता येतं. आईंच्या चिठ्ठीवर वार लिहिलाय का, तेवढं आजच बघा. नसेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करून लिहून घ्या.