पहिल्यांदाच श्रीलंकेला निघालात? मग एवढं बघा

पाच दिवसांत अख्खा देश बघायचा बेत आधी रद्द करा. नकाशावर श्रीलंका महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढी दिसते, पण घाटरस्त्यांवर गाडी पळत नाही. कोलंबो ते डोंगरातलं एल्ला गाव जेमतेम दोनशे किलोमीटर, तरी पाच-सहा तास सहज जातात. सिगिरिया, कँडी आणि एखादा किनारा, पहिल्या खेपेला बास!

किनारा कुठला, ते पाऊस ठरवतो. तिथे मोसमी पाऊस दोनदा येतो. डिसेंबर ते मार्चमध्ये दक्षिणेचं गॉल-मिरिस्सा गाठा. मे ते सप्टेंबरमध्ये पूर्वेचं त्रिंकोमाली. हे न बघता हॉटेल बुक करणारे बरेच पाहिलेत.

बाकी किरकोळ:
- ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवेश परवानगी, निघण्याआधीच काढा, तेही सरकारी संकेतस्थळावरून.
- मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो नको.
- पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, दारू मिळत नाही.

शाकाहारी असाल तर नीट ऐका. पोळ सांबोल आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखं दिसतं, पण त्यात बहुतेकदा सुक्या माशाचा चुरा असतो. मी दोन दिवस मिटक्या मारत खाल्लं, मग कळलं. या सुक्या माशाला तिथे उंबलकड म्हणतात; 'उंबलकड नको' एवढं पाठ करा.

घड्याळ मात्र बदलायला नको, वेळ आपलीच.