लिंक कुणाकुणापर्यंत गेली? फोटो शेअर करण्यावरची प्रश्नोत्तरे

पावसातली भटकंती, बारसं, लग्न, मॅच. कोल्हापूरच्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांत फोटोंचाच ढीग आहे आणि 'सगळ्यात चांगलं ॲप कुठलं?' हे जवळपास प्रत्येकानं विचारलंय. नावं सांगतोच. पण फोटो कुणाला दाखवायचेत आणि त्यातल्या मोबाईल सगळ्यात कमी जमणाऱ्या माणसाला ते उघडता येतील का, हे आधी ठरवा. त्यावरच निम्मं उत्तर मिळतं.

प्रश्न : दहावीच्या बॅचचे आम्ही अठरा जण पन्हाळा ते पावनखिंड करून आलो. ग्रुपवर फोटोंचा नुसता पूर आलाय, फोन हँग व्हायला लागलाय. मसाई पठारावरचा ग्रुप फोटो फ्रेमसाठी लॅबमध्ये दिला तर ते म्हणाले, "हा मोठा केला की फुटणार." निम्मे मित्र पुण्यात, एक दुबईत, तिघांकडं आयफोन. कुठली सर्व्हिस घ्यावी? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : लॅबवाले बरोबर बोलले. तुमच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो आवळून जेमतेम १६०० वर येतो. मोबाईलवर फरक कळत नाही. पोस्टकार्डाएवढी प्रिंटही बरी येते. पण १८ इंची फ्रेम करायची म्हटली की इंचाला ९० सुद्धा पिक्सेल उरत नाहीत. मग चेहरे फुटतात. २०२३ पासून 'एचडी' पर्याय आलाय, त्यानं सुधारणा होते, तरी मूळ फाईल जात नाहीच. मूळच पाठवायची असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाईल तशी जाते. फ्रेमचा तो एक फोटो ज्यानं काढला त्याच्याकडून असाच मागवा. बाकीच्या शेकडो फोटोंसाठी हा उद्योग करू नका.

त्यांच्यासाठी गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम घ्या. ते सर्वांत सुंदर आहे म्हणून हे सांगत नाही. तुमच्यातल्या अँड्रॉइडवाल्यांच्या फोनमध्ये ते बहुधा आधीच आहे, आयफोनवरही चालतं आणि नुसतं बघणाऱ्याला खातंही लागत नाही, लिंक पुरते. फोटो टाकायचे असतील तर मात्र खातं हवं. एका अल्बममध्ये २०,००० फोटो मावतात, तेवढे तुम्ही रायगडापर्यंत चालत गेलात तरी होणार नाहीत. आयफोनवाले त्यांच्या आयक्लाउड अल्बमचं कौतुक करतील. तो छान आहे, पण अँड्रॉइडवाल्यांना त्यात फोटो टाकता येत नाहीत आणि फोटोही २०४८ पिक्सेलपर्यंत लहान होतात. अठरांपैकी तिघांसाठी पंधरा जणांनी का अडावं?

आता दोन अडचणी. बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल क्वालिटी' आहे की 'स्टोरेज सेव्हर', ते प्रत्येकानं आपापल्या फोनमध्ये बघा. दुसऱ्या पर्यायात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात आणि बाकीचेही थोडे आवळले जातात. दुसरी अडचण जास्त छळते. अल्बममधला फोटो ज्यानं टाकला त्याच्याच खात्यात राहतो. चार महिन्यांनी एखाद्याचा फोन भरला आणि त्यानं आपल्या गूगल फोटोजमधून ट्रेकचे फोटो उडवले की ते अल्बममधूनही जातात. मग ग्रुपवर "अरे, माझा खिंडीतला फोटो कुठं गेला?" सुरू होतं. म्हणून जे फोटो तुम्हाला हवेतच ते 'सेव्ह' करून आपल्या खात्यात घ्या. सेव्ह केलेले फोटो तुमची जागा खातात. नुसते बघितले तर खात नाहीत.

आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड आजच बंद करा. फोन हँग व्हायचं निम्मं कारण तिथं आहे.

प्रश्न : गूगलचं स्टोरेज फुल्ल दाखवतंय आणि चार दिवस मेल येईनात. फोटोंचा मेलशी काय संबंध? (एक वाचक, उद्यमनगर)

उत्तर : संबंध आहे, कारण १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहेत. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो त्यात धरले जात नव्हते, नंतरचे सगळे धरले जातात. जागा संपली की मेल येणं-जाणं थांबतं. तुमचे मेल तिथंच अडकले असणार. फोटोज ॲपमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा, मोठे व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट वेगळे काढून दाखवलेले असतात. तिथूनच सुरुवात करा आणि शेवटी ट्रॅश रिकामा करा, कारण बॅकअप झालेले फोटो त्यात ६० दिवस पडून असतात.

एक जपा. 'फ्री अप स्पेस' दाबलं तर बॅकअप झालेले फोटो फक्त फोनमधून जातात. पण ॲपमध्ये फोटो निवडून डिलीट केला तर फोन आणि क्लाउड (गूगलकडची ऑनलाइन जागा), दोन्हीकडून जातो. घाईत दुसरं बटण दाबून डोक्याला हात लावणारे रोज भेटतात.

प्रश्न : नातीचं बारसं झालं. मुलानं फोटोंच्या अल्बमची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. परवा महाद्वार रोडवर एक बाई भेटल्या, म्हणाल्या, "नात लई गोड आहे हो तुमची, पाळण्यातले फोटो बघितले." बारशाला त्या नव्हत्या, आमची ओळखही जेमतेम. त्यांच्यापर्यंत फोटो गेले कसे? कुणी खातं हॅक केलं का? (एक आजी, मंगळवार पेठ)

उत्तर : आजी, हॅक वगैरे काही नाही. कुणीतरी कौतुकानं लिंक पुढं ढकलली, एवढंच. लिंक ज्याच्या हातात तो अल्बम बघणार. त्याला पासवर्ड लागत नाही, आणि लिंक पुढं कुणाला पाठवली हे मुलाला कळतही नाही. लिंक लांबलचक असते, ती अंदाजानं कुणाला सापडत नाही, पण आपल्या पै-पाहुण्यांच्या ग्रुपवरून ती तासाभरात कागलपर्यंत जाऊन येते.

मुलाला हे सांगा. अल्बम उघडून पर्यायांमध्ये जायचं आणि 'लिंक शेअरिंग' बंद करायचं. जुनी लिंक तिथंच मेली. मग ज्यांना खरोखर दाखवायचंय त्यांना त्यांच्या ईमेल पत्त्यावरून एकेक करून अल्बममध्ये घ्यायचं. मामा, आत्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा. काम दहा मिनिटांचं आहे. कुणी रुसलं तर रुसू दे. त्याच पानावर फोटोचं ठिकाण दाखवण्याचा पर्याय असतो, तोही बंद करायचा. मोबाईल फोटोच्या पोटात तो कुठं काढला ते लिहून ठेवतो, म्हणजे घरी काढलेल्या फोटोत घराचा पत्ताच आला. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते. वर मी सांगितलेल्या डॉक्युमेंटच्या वाटेनं गेला तर तशीच राहते. म्हणून ती वाट ट्रेकच्या फोटोला ठीक, बाळाच्या नको.

त्या बाईंनी फोटो स्वतःकडं उतरवून घेतले असतील तर ते परत आणता येणार नाहीत. म्हणून आंघोळीचे, उघड्या बाळाचे फोटो कुठल्याच अल्बममध्ये टाकू नयेत, सेटिंग कितीही कडक असलं तरी. सुनेला सांगताना हे मी सांगितलं असं म्हणा, तुमच्यावर नको यायला.

प्रश्न : शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या फुटबॉल मॅचचे फोटो काढतो. इन्स्टाग्रामवर टाकले की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर! नाव नाही, विचारणं नाही. मित्र म्हणतो फ्लिकर वापर. पैसे भरण्यासारखं आहे का? (एक हौशी फोटोग्राफर, शिवाजी पेठ)

उत्तर : भावा, दोन गोष्टींची गल्लत होतेय. फोटो तुला लोकांनी बघायला हवा आहे आणि लोक तर इन्स्टावरच आहेत. पेठेतलं पोरगं आपला हेडर बघायला फ्लिकर उघडणार नाही. तेव्हा इन्स्टा सोडू नकोस.

फ्लिकर हे फोटोग्राफरांचं ठिकाण आहे. फोटो मोठा दिसतो, कॅमेऱ्याचं सेटिंग दिसतं, कुठल्या अटीवर कुणी वापरायचा तो परवाना प्रत्येक फोटोला लावता येतो. २००४ मध्ये ते सुरू झालं, पुढच्या वर्षी याहूनं घेतलं, २०१३ मध्ये फुकटात एक टेराबाइट जागा दिली. मग २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीनं विकत घेतलं आणि फुकट खातं १००० फोटोंवर आणलं. लोकांना जुने फोटो एकतर पैसे भरून ठेवावे लागले, नाहीतर उतरवून घ्यावे लागले. आता त्या हजारातही खासगी ५० च ठेवता येतात. तुझ्यासारख्यानं सीझनमधले निवडक शंभरएक फोटो तिथं मांडले तर फुकट खातं बास आहे. पैसे भरायची घाई करू नकोस.

चोरीचं म्हणशील तर सर्व्हिस बदलून ती थांबत नाही. फोटो काढला त्या क्षणी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो तुझा होतो, नोंदणी लागत नाही. अपवाद असा, की कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल तर वेगळा करार नसताना हक्क त्याचा. पण फ्लेक्सवाल्याशी कायदा बोलत बसण्यापेक्षा फोटो लहान करून, नाव कोपऱ्यात न टाकता खेळाडूच्या जर्सीवरून फिकट जाईल असं टाक. कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. आणि सरळ लिही, "फ्लेक्ससाठी मोठी फाईल हवी असेल तर मेसेज करा." निम्मे करतील, त्यातले काही पैसेही देतील. उरलेले फुटका फोटोच छापतील. फ्लेक्सचा नाद आपल्याकडं एवढा, की 'भाऊं'चा चेहरा ओळखू आला म्हणजे झालं!

प्रश्न : पुतण्याच्या लग्नात हॉलच्या दारात क्यूआर कोड होता. स्कॅन करून सेल्फी द्यायचा, मग आपले सगळे फोटो मोबाईलवर येतात. सोयीचं वाटलं, पण मन कचरलं. (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : सोय खरीच आहे, हजारो फोटोंत आपण स्वतःला शोधायचं म्हणजे दिवस जातो. पण तो कोड फोटोग्राफरचा नसतो, मागं एखादी कंपनी असते आणि तुमच्या चेहऱ्याचं मोजमाप तिच्याकडं जातं. पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही. फोटोग्राफरला दोनच गोष्टी विचारा : अल्बम किती दिवसांनी पुसला जातो आणि सेल्फी त्याबरोबर जातो का. नीट उत्तर देणारा असेल तर वापरा. "ते ॲपवाल्यांना माहीत" म्हणाला तर पुतण्याकडून सरळ फोल्डर मागा.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचं कपाट भिजलं. वडिलांच्या काळचे फोटो कसेबसे सोडवून वाळवले. आता स्कॅन करून सांगली, बेळगाव, पुणे इथल्या भावंडांना द्यायचेत. पुढची वीस वर्षं टिकेल अशी साइट सांगा. (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : अशी साइट नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, पिकासा २०१६ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिघांमागं गूगलच होतं, म्हणजे मोठी कंपनी आहे म्हणून भरवसा धरावा असंही नाही. दाखवायला अल्बम आणि जपायला फाइली, ही दोन कामं वेगळी ठेवा.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा. पाण्यात भिजून काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मोबाईलनं काढायचे तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. पाठीमागं काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. शाई उडाली असली तरी स्टुडिओचा शिक्का, साल, एखादं नाव हाती लागतं.

फाइलींच्या तीन प्रती करा. एक हार्डडिस्क घरी, पण या वेळी वरच्या मजल्यावर. दुसरी पुण्याच्या भावाकडं, कारण पंचगंगा आणि कृष्णा एकाच आठवड्यात चढतात, सांगलीला ठेवून उपयोग नाही. तिसरी क्लाउडवर, तिथूनच शेअर्ड अल्बम करून सगळ्यांना द्या. अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली कोण कोण उभं आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या, त्यांना टाइप करणं जमत नसेल तर फोनवर विचारून तुम्ही लिहा. हे काम दिवाळीवर ढकलू नका.

राहिलं खात्याचं. दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. गूगल खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं ३ ते १८ महिने, जी मुदत तुम्ही ठरवाल तेवढी, बंद पडलं की नेमलेल्या माणसांना त्यातला डेटा उतरवून घेता येतो. तिथं पुढच्या पिढीतल्या दोघांची नावं टाका, आणि टाकलीत हे त्या दोघांना सांगून ठेवा.