‘गोव्यात गरिबी आहेच कुठे?’

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, गणितात हुशार, जेईईचा क्लास चालू. तिला मात्र स्टॅटिस्टिक्स घेऊन मुलांचं आरोग्य आणि गरिबी यांच्या सरकारी आकडेवारीवर काम करायचंय. आई अंगणवाडी सेविका. तिच्या रजिस्टरातली मुलांची वजनं मुलगी एक्सेलमध्ये भरते, आलेख काढते. ‘हा नाद सोडायला सांगा. गोव्यात गरिबी आहेच कुठे?’

नमस्कार. पत्रभर ‘आम्ही ठरवलंय’ आहे. मुलीचं एकही वाक्य तिच्या शब्दांत नाही. भावाची मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंग करते, हे कारण आधी येतं. तुमच्या मुलीला काय जमतं, ते शेवटी. जेवताना तिने विषय काढला की तुम्ही ताटावरून उठता, असंही लिहिलंय. बारावीच्या वर्षात पोरीशी अबोला धरणं याला शिस्त म्हणत नाहीत. मला काळजी या गोष्टीची वाटते, तिच्या मार्कांची नाही. तेव्हा तिला मी काही समजावणार नाही.

आता तुमचा प्रश्न. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकानुसार गोव्यातले गरीब 2015-16 मध्ये 3.76 टक्के होते, 2019-21 मध्ये 0.84 टक्के उरले. इथवर तुमचं बरोबर. पण ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून हे आकडे काढले, तेच सांगतं की त्याच काळात पाच वर्षांखालच्या, वयाच्या मानाने खुज्या मुलांचं प्रमाण 20.1 वरून 25.8 टक्क्यांवर गेलं. हे कसं? निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाचे बारा निकष आहेत. वंचिततेचे गुण एक तृतीयांश झाले तरच कुटुंब गरीब ठरतं, आणि पोषणाला गुण एक षष्ठांशच. म्हणजे घरात शिक्षण, वीज, संडास, गॅस, बँक खातं असं बाकी सगळं असेल, तर मूल कुपोषित असूनही ते घर गरिबांत मोजलं जात नाही. अर्थात गोव्यातली पाहणी साधारण 1,900 घरांची, त्यातली लहान मुलं आणखी कमी. त्यामुळे ही वाढ खरी किती आणि नमुन्यातल्या चढउताराची किती, हेही तपासावं लागतं. ते तपासणं हेच तिला करायचंय. याला समाजसेवा म्हणून झटकू नका, यात गणित कसून लागतं.

रस्ता सरळ आहे: पदवीला स्टॅटिस्टिक्स, मग हेच सर्वेक्षण करणारी, लोकसंख्याशास्त्र शिकवणारी मुंबईतल्या देवनारची आयआयपीएस ही संस्था, किंवा यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस. सरकारी नोकरीच हवी असेल, तर गोवा सरकारचंही सांख्यिकी संचालनालय आहेच!

तिला एक निरोप द्या. वजनांच्या त्या फाईलमधून मुलांची नावं आजच काढून टाक. आयआयपीएसच्या संकेतस्थळावर या सर्वेक्षणाची उत्तर आणि दक्षिण गोव्याची तथ्यपत्रकं फुकट मिळतात, सराव त्यांवर कर. आणि तुम्ही क्लासची फी परत मिळते का, तेवढं विचारून घ्या.