एखाद्या कथेला रोमान्स किंवा रोमँटिक कॉमेडी केव्हा म्हणावे?

ज्या कथेतून प्रेमसंबंध काढून टाकला तर कथानकच उरत नाही आणि जिचा शेवट त्या दोघांसाठी सुखाचा किंवा निदान आशादायक असतो, तिला रोमान्स म्हणावे. त्यांना दूर ठेवणारे अडथळे विनोदी असतील आणि ते विनोदातूनच सुटत असतील, तर ती रोमँटिक कॉमेडी ठरते. मध्यवर्ती प्रेमकथा आणि भावनिक समाधान देणारा आशादायी शेवट हे दोन निकष १९८० साली स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेच्या व्याख्येतले आहेत. चोरीचा तपास करणारी अधिकारी साक्षीदाराच्या प्रेमात पडली, तरी वाचकाला अखेरपर्यंत चोर कोण याचीच ओढ असेल, तर ती रहस्यकथाच; मात्र चोर मध्येच सापडला, जबाब नोंदवण्याचे निमित्त संपले आणि आता ही दोघे भेटणार कशी, या काळजीने वाचक पाने उलटत राहिला, तर तो निःसंशय रोमान्स आहे. कॉमेडीसाठी चुरचुरीत संवाद पुरत नाहीत, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: लपवलेली ओळख किंवा लग्नाचे सोंग यांतून हसू तर यावेच, पण त्याच प्रसंगाने नातेही पुढे सरकावे. एक मर्यादा लक्षात घ्यावी. सुखान्ताची अट पुस्तकांच्या बाबतीत कसोशीने पाळली जाते, चित्रपटांत ती सैल असते. शिवाय मराठीतला 'प्रेमकथा' हा शब्द अधिक व्यापक असून ताटातुटीने संपणाऱ्या कथाही त्यात सहज सामावतात.