अहिराच्या पोटात गाभोळी का सापडत नाही?

प्रश्न : आमच्या नदीच्या डोहात अहिर मिळतो. मनगटाएवढा जाड, चार फूट लांब अहिरही पाहिलाय. पण आजवर एकाच्याही पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, निघाली नाहीत. म्हातारी माणसं म्हणतात, तो चिखलातून उपजतो. खरं काय? आता खाली बंधारा झालाय, त्याने काही फरक पडेल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हसू नका. अहिर हा ईल माशाचाच एक प्रकार, आणि प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनेही हेच लिहून ठेवलंय, कारण त्यालाही ईल माशात अंडी दिसली नव्हती. पुढे १८७६ मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने (हो, पुढे मनोविश्लेषणासाठी गाजलेला तोच) आजच्या इटलीतल्या ट्रिएस्टला सुमारे ४०० ईल चिरले, नराची वृषणं शोधायला. ठाम सांगण्यासारखं त्याच्याही हाती लागलं नाही.

गोम अशी, की डोहातला अहिर कितीही थोराड दिसला तरी तो वयात आलेला नसतो. दिवसा खडकाच्या कपारीत दडायचं, रात्री खेकडे, कोळंबी, मासे गट्ट करायचे, असं वर्षानुवर्षं चालतं. मग एखाद्या पावसाळ्यात, नदीला लोंढा आला की तो खाली निघतो. रंग पालटतो, डोळे मोठे होतात, खाणं बंद पडतं, आतडं आक्रसतं. साठवलेल्या चरबीवर तो समुद्र गाठतो आणि अंडी पिकतात ती त्या प्रवासात. म्हणजे गाभोळी होते, पण तुमच्या सुरीपासून फार लांब. एकदाच अंडी घालायची आणि मरायचं.

पिल्लं तर ईलची वाटतच नाहीत. चपटी, पानाच्या आकाराची आणि इतकी पारदर्शक, की खाली छापील कागद ठेवला तर अक्षरं वाचता यावीत. प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागेपर्यंत ती दोऱ्यासारखी गोल होतात आणि खाडीतून नदीत शिरतात. जपानी ईलची अंडी खुल्या समुद्रात पहिल्यांदा हाती लागली, तीसुद्धा २००९ मध्ये, मारियाना बेटांच्या पश्चिमेला!

आता बंधारा. बोटभर पिल्लं ओल्या, शेवाळलेल्या भिंतीला चिकटून वर चढतात, कातडीतून श्वास घेता येतो म्हणून पाण्याबाहेरही तग धरतात. गुळगुळीत, कोरड्या काँक्रीटवर मात्र त्यांचं काही चालत नाही. म्हणून भिंतीच्या एका कडेला खडबडीत उतार ठेवून त्यावरून पाण्याची बारीक धार वाहती ठेवावी. खर्च फारसा नाही. सुचत नाही, एवढंच. वर अडकलेले मोठे अहिर पुढेही अनेक वर्षं दिसत राहतील आणि गाव म्हणेल, सगळं ठीक चाललंय. खालून नवी पिल्लं येतात का, ते बघा.

आणि हो, तुम्ही अहिर कापता म्हणून सांगतो : ईलच्या रक्तात विषारी प्रथिनं असतात. शिजवल्यावर ती निकामी होतात, पण साफ करताना रक्त डोळ्यात उडू देऊ नका.